ही कोण बाई?

“मग चूक आहे तरी कुठं, चाचा?”

अभिराज माळीनं फिल्म उन्हात धरली होती. त्या पारदर्शक फिल्मवर त्यानं प्रिंटरनं आईच्या फोटोची निगेटिव्ह छापली होती. मिरजेत मुजावरचाचांच्या गच्चीवर आम्ही अशा निगेटिव्ह औषध लावलेल्या कागदावर ठेवतो, वर काच दाबतो आणि उन्हानं निळे फोटो छापतो. मी जिन्याच्या सावलीत बसून कागदाला औषध लावत होतो. हात गुंतले होते, कान मोकळे होते.

चाचांनी फिल्मकडं बघितलंही नाही. बशीतला चहा फुंकत राहिले.

अभिराज हुशार, यात वाद नाही. तोही वाद घालायचा नाही.

आधी आईच्या गालावर आडवे पट्टे उमटले, तर पठ्ठ्यानं प्रिंटर उघडून शाईची तोंडं धुतली. मग पांढरे ठिपके आले. ती काचेवरची धूळ निघाली. मग सगळा चेहराच निळाभोर झाला, कारण डोळ्यांना काळीकुट्ट दिसणारी शाई ऊन अडवतच नव्हती. त्यानं तिलाही वठणीवर आणलं. शेवटी फोटो असा निघाला की नाव ठेवायला जागा नाही.

तो त्यानं मोठ्या तोऱ्यात घरी नेला. आई म्हणाली, “ही कोण बाई?”

तिथं गडी खचला.

येत्या रविवारी आईची पंचाहत्तरी होती. तिचं नाव आक्काताई, पण आमच्या गल्लीत तिला सगळे अभिराजची आई म्हणूनच ओळखतात. जन्मात तिनं स्वतःचा एक फोटो भिंतीवर लावू दिला नव्हता. लग्नातला असो नाहीतर आधार कार्डावरचा, बघायची आणि बाजूला सारायची. ही मी न्हवंच, म्हणायची. या खेपेला तरी तिनं ‘ही मीच’ म्हणावं, एवढीच पोराची हौस होती. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू.

“घरात आरसा आहे?” चाचांनी विचारलं.

“आहे की. त्याचा इथं काय संबंध?”



चाचांनी बशी खाली ठेवली. त्याच्या हातातली फिल्म घेतली, पालथी केली, माझ्याकडच्या वाळलेल्या कागदावर टाकली आणि काच दाबून सगळं उन्हात सरकवलं.

अभिराज चाचरत म्हणाला, “चाचा… शाईची बाजू वर राहिली. ती कागदाला टेकायला पाहिजे. नाहीतर डावं-उजवं उलटं होतं, फोटो पुसट येतो. हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत.”

“शिकवलं होतं खरं.”

“मग?”

“ऊन बघ, काय झकास पडलंय.”

अभिराज कठड्याला टेकून काचेकडं बघत राहिला. मी हसू दाबलं.

पुरेसं ऊन खाल्ल्यावर चाचांनी कागद पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला आणि स्वतःच हलवत बसले. पिवळट पाणी निघून गेलं आणि खालून निळा रंग उमलत वर आला. हे मी कितीदा बघितलंय, तरी दर वेळी जीव हरखतो. चाचा तर चक्क शीळ घालत होते.

अभिराजनं कपाळावर हात मारला. चमकी उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर, गालावरचा तीळ पलीकडच्या गालावर. सुरकुत्याही पुसटलेल्या.

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. लेक जेवायला आला नाही म्हणून आईच डबा घेऊन वर येत होती.

“या, बसा,” म्हणत चाचांनी खुर्ची पुढं केली.

अभिराजनं घाईघाईत ओला कागद पाठीमागं लपवला. पाणी त्याच्या टाचांवर ठिबकायला लागलं.

“काय दडवतोस रं? ल्हान हुतास तवाबी असंच करायचास.” तिनं डबा माझ्या हातात दिला आणि कागद त्याच्याकडून काढून घेतला.

ती बघत राहिली…

बोट नाकातल्या चमकीवर गेलं. मग तिनं मान जराशी कलती केली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

“अगं बाई, ही मीच की! रोज येणी घालताना आरशात हीच तर बसल्याली असती समोर.”

एवढ्यावर ती थांबली नाही. रविवारी फोटो दारासमोरच्या भिंतीवरच लागला पाहिजे, कपाटामागं कुठं कोपऱ्यात नको, आणि चौकट चांगली धडाची आण, असं तिनं अभिराजला बजावलं. त्याला हसावं का रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं आणि आईच्या पाया पडला. मीही डबा उघडून मोकळा झालो. आत शेंगदाण्याची पोळी होती.

पण शिष्याच्या डोक्यातला किडा काही गप्प बसेना. पोळीचा घास तोंडात ठेवूनच तो चाचांजवळ सरकला.

“फोटो उलटा आहे, चाचा. आम्ही सगळे तिला जशी बघतो, तशी ती यात नाहीच. आधीचाच बरोबर होता.”

“होता की बरोबर.”

“मग तो तिला का पटला नाही?”

चाचांनी पलीकडं बघितलं. म्हातारी कागद वाळवायच्या दोरीजवळ उभी राहून ओल्या फोटोवर फुंकर घालत होती.

“तो तुझ्या आईचा होता, बेटा. हा आक्काताईंचा आहे.”