मागे येणारा नट

ही गोष्ट मला नीट आठवते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुकानात रॅचेट तीन होते की चार, मिस्त्रीने चावी सोमवारी दिली की बाजाराच्या दिवशी, असल्या बाबतीत माझी चूक होऊ शकेल. माणसे जे बोलली ते मात्र बरेचसे असेच होते. मुलांना सांगताना बाकीचे बदलले तरी चालेल, बोलणे बदलू नये.

टेकडीवर वसलेल्या एका गावात एक मिस्त्री होता. गावाला पाणी चढवणारा पंप टेकडीच्या पायथ्याशी एका अरुंद दगडी खोलीत बसवलेला होता, आणि त्याची देखभाल तीस वर्षे या मिस्त्रीकडे होती. खोलीची चावी त्याच्या कमरेला असे. पंपाचा आवाज जरा बदलला की तो भरल्या ताटावरून उठे.

त्याची बायको म्हणे, "पंपाशीच लग्न लावायचं होतं ना. मला कशाला फसवलंत?"

मिस्त्री म्हणे, "विचारलं होतं. पंपाच्या बापाने नकार दिला."

त्याच गावात एक विद्वान राहत असे. तो इतका शिकलेला होता की त्याच्या पदव्यांची नावे गावात कुणाला धड घेता येत नसत, म्हणून सगळे त्याला नुसते 'सर' म्हणत. आपल्याला काही येत नाही हे एक दिवस चारचौघांत उघडे पडेल, अशी धास्ती त्याला कायम असे. ती का, हे सांगणे कठीण आहे. महिन्यातून एकदा तो पुस्तके बदलायला शहरात जाई. जाताना कुणी चष्म्याची काडी सांगे, कुणी रेडिओचे सेल, कुणी गुडघ्याला चोळायचे तेल.

एकदा मिस्त्री त्याच्याकडे आला आणि आत आल्यावर त्याने दार लोटून घेतले.

"सर, एक रॅचेट आणायचाय."

पंपाच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, आठ बोल्ट होते. तिथे पाना पुरता फिरवायला जागा नव्हती. साधा पाना दर वेळी काढून पुन्हा लावावा लागे. रॅचेटचे तसे नसते. तो नटावर एकदा बसवला की मूठ नुसती पुढे-मागे करायची. पुढे नेताना नट फिरतो. मागे आणताना आतले दाते टकटक करत सुटतात आणि नट जागेवर राहतो.

"जुन्याला काय झालं?" विद्वानाने विचारले.

"नट मागे येतो त्याच्याबरोबर. पुढे नेला तेवढा परत. एक बोल्ट आवळायला अर्धा तास जातो."  मग मिस्त्रीने उजवा हात पुढे केला. "सर, हा कापतो का बघा."

विद्वानाने चष्मा सारखा करून पाहिले. "मला तर काही दिसत नाही."

"मला कधी दिसतं, कधी नाही. माझ्या बापाचा कापायचा. हात कापला की रॅचेट तिरका होतो, आणि तिरका झाला की चांगला रॅचेटसुद्धा सैल नटाला मागे ओढतो. आता माझा जुना झिजलाय की माझा हात गेलाय, हे मला कळेनासं झालंय. मी स्वतः दुकानात जाऊन घालून पाहिला, तरी दोष कुणाचा ते कळायचं नाही. म्हणून तुम्ही बघून आणा. तुमचा हात लिहिणाऱ्याचा, स्थिर."

"काय काय बघायचं ते सांगा. लिहून घेतो."

"चार गोष्टी. गोटी बसायचा चौकोन अर्धा इंची पाहिजे, नटावर चढवायच्या माझ्या गोट्या त्याच मापाच्या आहेत. दाते बारीक पाहिजेत, म्हणजे मूठ थोडी हलवली तरी काम होतं. मूठ फार लांब नको. घट्ट बसलेला नट सोडवायला माझ्याकडे वेगळा दांडा आहे, तिथे रॅचेटवर जोर काढायचा नसतो, दाते तुटतात. आणि चौथी, सगळ्यांत मोठी. दुकानदाराकडून एक बोल्ट मागून घ्या. त्यावर नट बोटाने दोन आटे चढवा, आवळू नका. मग रॅचेट घालून मागे फिरवा. नट हलला नाही तर वस्तू चांगली."

"आणि पुढे तो तुमच्या हातात मागे आला तर?"

"तर मला समजेल, की चावी द्यायची वेळ झाली. माझ्या हातून तिथे चुकलं तर गाव तहानेलं राहील, सर." जाताना तो दाराशी वळून म्हणाला, "डबा बघून घेऊ नका. डब्याने नट फिरत नाही. आणि हे आमच्या घरी बोलू नका."

विद्वान शहरात गेला. लोखंडी सामानाच्या दुकानात तीन-चार मेकॅनिक काउंटरला टेकून उभे होते, कोपरापर्यंत काळ्या हातांचे. दुकानदाराने रॅचेट मांडले. विद्वानाने खिशातून कागद काढला. अर्धा इंची चौकोन पाहिला. मुठीची लांबी पाहिली. एकेक रॅचेट कानाशी धरून फिरवला; एकाची टकटक मोठी होती, म्हणजे दाते जाड, तो बाजूला ठेवला. उरलेल्यांत एक साधा होता, हलका, मळकट रंगाचा. दुसरा चकचकीत, जड, मुठीला रबर लावलेला, आणि त्याच्या डब्याला आतून निळी मखमल होती.

आता बोल्ट मागायचा राहिला होता. विद्वानाने पुन्हा कागद पाहिला. रॅचेटच्या डोक्यावर एक लहानशी खिट्टी होती, ती सरकवली की दिशा बदलते हे त्याने वाचले होते. ती कोणत्या बाजूला केली की काय होते, हे मात्र त्याला माहीत नव्हते. या लोकांसमोर उलटी केली तर?

तेवढ्यात एक मेकॅनिक म्हणाला, "सर, स्थळ बघताय का? पत्रिकाच घेऊन आलाय."

बाकीचे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. पण विद्वानाने कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि चकचकीत रॅचेटकडे बोट दाखवून म्हणाला, "हा द्या."

एसटीत तो स्वतःची समजूत काढत राहिला. वस्तू जड आहे, म्हणजे भक्कम असणार. चारांतल्या तीन गोष्टी पाहिल्या, म्हणजे पंचाहत्तर टक्के झाले. एवढ्यात विद्यापीठात पहिला वर्ग मिळतो.

मिस्त्री फाट्यावर वाट पाहत उभा होता. त्याने डब्याकडे पाहिलेही नाही.

"घालून पाहिलात?"

'राहून गेलं' एवढेच म्हणायचे होते. मिस्त्री फार तर म्हणाला असता, मग इथे पाहू. त्याच्या अंगणात बोल्ट काही कमी नव्हते.

"हो," विद्वान म्हणाला.

"नट हलला नाही?"

"अजिबात नाही."

त्यातले 'अजिबात' कुणी मागितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सकाळी पंपाच्या खोलीत गेला आणि दुपार उलटल्यावर विद्वानाच्या ओट्यावर येऊन बसला. घामाने सदरा भिजला होता.

"नट मागे आले, सर. आठही."

विद्वान म्हणाला, "पुन्हा एकदा करून बघा."

"सकाळपासून तेच करतोय." मिस्त्रीने उजवा हात डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्या कुणाची वस्तू पाहावी तसा तो पाहत होता. मग तो म्हणाला, "बरं झालं तुम्ही बघून आणलात. नाहीतर मी त्या रॅचेटलाच शिव्या देत बसलो असतो."

हे ऐकल्यावर तरी विद्वानाने बोलायला हवे होते. त्याने पाणी आणून दिले.

मिस्त्रीने चावी ग्रामपंचायतीत नेऊन दिली. कारण विचारले तर म्हणाला, वय झालं. गावात लोक म्हणाले, पंप अजून धडधाकट आहे आणि मिस्त्रीच आधी बसला. बायको शेजारणीला म्हणाली, "आता मला वेळ देणार म्हणे. तीस वर्षांनी सुचलं." पंपाचे काम शहरातल्या एका ठेकेदाराकडे गेले. पंप बिघडला की तो दोन दिवसांनी येई, कधी चार दिवसांनी, आणि तोवर बायका घागरी घेऊन टेकडी चढत-उतरत.

काही दिवसांनी मिस्त्री डबा घेऊन विद्वानाकडे आला. "हा ठेवा तुमच्याकडे. घरात काही ना काही लागतंच. चांगली वस्तू पडून राहू नये."

विद्वानाने डबा पुस्तकांच्या मागे ठेवला. दोन वर्षे तो तिथेच होता. मिस्त्री भेटला की विद्वान पावसापाण्याचे बोले आणि पुढे जाई.

मग एकदा त्याची पुस्तकांची लोखंडी मांडणी डुगडुगू लागली. बोल्ट सैल झाले होते. विद्वानाने दुसरे काही हाताशी नसल्यामुळे तो डबा उघडला. आता त्याला पाहणारे कुणी नव्हते, तेव्हा खिट्टी इकडे-तिकडे करून दिशा समजायला अर्धे मिनिट लागले. त्याने रॅचेट नटावर बसवला, मूठ पुढे नेली, मागे आणली. नट मागे आला.

त्याने रॅचेट सरळ आहे ना ते पाहिले. दुसऱ्या हाताने आधार दिला. पुन्हा तेच. दुसऱ्या बोल्टावर घातला, तिसऱ्यावर. जिथे जिथे नट सैल होता, तिथे तिथे तो मुठीबरोबर गेला तेवढाच परत आला. टकटक अगदी बारीक आणि छान येत होती. दोष आत कुठेतरी होता.

विद्वान तसाच जमिनीवर बसून राहिला. मग उठला, रॅचेट आणि नटासकट एक बोल्ट खिशात घातला आणि मिस्त्रीच्या घरी गेला.

मिस्त्री अंगणात चिंचा फोडत होता. डाव्या हाताने. बायको समोर चिंचोके वेगळे करत होती.

"मिस्त्री, मी त्या दिवशी खोटं बोललो. दुकानात मी नटावर घालून पाहिलंच नव्हतं."

मिस्त्रीचा हात थांबला. "पाहिलं नव्हतं?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. रॅचेटच खराब आहे. आज माझ्या हातात नट मागे आला. दर वेळी."

मिस्त्रीने हात पुढे केला. विद्वानाने बोल्ट आणि नट दिला. मिस्त्रीने बोल्ट डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने नट चढवू लागला. नट आट्यांवर बसेना. खाली पडला. बायकोने उचलून दिला. पुन्हा पडला, चिंचांच्या ढिगात. हात आता दिसण्याइतका कापत होता.

"मी दुसरा आणतो," विद्वान म्हणाला. "चांगला. या खेपेला नीट पाहून."

"आणा की. पण दोन वर्षं हा हात मांडीवर ठेवून बसलोय, सर. जेवण सोडलं तर त्याला काम दिलं नाही मी. तेव्हा कापत होता की नाही, ते हा आता काय सांगणार? ते कळायचा एकच दिवस होता."

बायकोला यातले काहीच माहीत नव्हते. ती एकदा नवऱ्याकडे आणि एकदा विद्वानाकडे पाहत म्हणाली, "म्हणजे यांचा हात बरा होता?"

मिस्त्री चिंचांच्या ढिगात पडलेला नट शोधू लागला.

ती उठली. "चहा ठेवते. बसा," ती म्हणाली, पण विद्वानाकडे न पाहता. त्याने चहा घेतला. मिस्त्रीने आपला कप दोन्ही हातांनी धरला होता.

यानंतर विद्वानाने दुसरा रॅचेट आणला की नाही, मला खात्रीने सांगता येत नाही. आणला असावा. पण मिस्त्री पंपाच्या खोलीत पुन्हा गेला नाही, एवढे नक्की.

गोष्टीचे तात्पर्य शेवटी सांगायची पद्धत आहे. मला समजले ते असे: रॅचेट घेताना तो सैल नटावर घालून मागे फिरवून पाहावा, आणि पाहिला नसेल तर पाहिला नाही असे सांगावे. पहिले चुकले तर एक वस्तू वाया जाते. दुसरे चुकले तर ज्याने आपल्या शब्दावर भरवसा ठेवला तो माणूस स्वतःवर संशय घेऊ लागतो, आणि मग सत्य सांगितले तरी ते त्याच्या कामी येत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी शहरातल्या त्या दुकानात गेलो. काउंटरच्या उजव्या कोपऱ्यात, लाकडात पक्का बसवलेला एक बोल्ट होता आणि त्यावर एक सैल नट. मी दुकानदाराला विचारले, हा कशासाठी. तो म्हणाला, "रॅचेट घालून बघायला. येणारा प्रत्येक जण आधी यावर बघतो, मगच घेतो. दुकान उघडलं तेव्हापासून आहे. आटे झिजले की बदलतो. हा चौथा."