धुरपतानं उघडा ठेवलेला पाया

पायऱ्या जपून उतरा. सात आहेत आणि शेवटची जरा बुटकी आहे. हा बोरटाकळीतला धुरपताचा खड्डा. घराच्या कोपऱ्याला लागून आहे आणि इथून त्या घराचा पाया तळापर्यंत दिसतो. पायाशेजारी असा खड्डा ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा, हे मीही कबूल करतो; चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी. पाणी मुरतं. म्हणून मिरगाला यावर फरश्या ओढतात आणि दसऱ्याला काढतात. पण बुजवत नाहीत. का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. लिंबाजी नावाच्या सधन माणसानं हे घर मसाजी गवंड्याकडून बांधून घेतलं, असं सांगतात. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यामुळे खालचा टणक मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय इथं कुणी दगड ठेवत नाही. मसाजीनं तीन कोपरे तसेच केले. चौथ्या कोपऱ्याखाली मात्र जुनं पेव निघालं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, कधीतरी काळ्या मातीनं भरून टाकलेला. किती खोल, कोण जाणे. इकडे लिंबाजीच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि सून नव्या घरातच यायची होती. मसाजीनं माती चोपली, वर दगड बसवला आणि कुणाला काही बोलला नाही.

सून आली. तिचं नाव धुरपता. पहिल्याच पावसाळ्यात तो कोपरा खचला आणि भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. बुजवली, तर पुन्हा पडली. दुसऱ्या वर्षी तिच्यात हात जाऊ लागला. मग घरात कुजबुज सुरू झाली, की हिचा पायगुण वाईट. लिंबाजीनं देवऋषी आणला. तो म्हणाला म्हणे, जागा बळी मागते. जिच्या येण्यानं घर खचलं तिलाच घराच्या पायात गाडा. एवढी माणसं बसली होती, पण कुणी त्याच्या थोबाडीत दिली नाही. मला राग येतो तो याचा. तिचा नवरासुद्धा मान खाली घालून बसला होता.

खड्डा खणायला बोलावलं मसाजीलाच. त्यानं कोपऱ्याशी दोन हात खणलं. समोर ओट्यावर धुरपताला हळदकुंकू लावून बसवलं होतं. तिच्याकडे नजर गेली आणि त्यानं कुदळ खाली टाकली.

"तिला उठवा तिथून," तो म्हणाला. "जागा काय बी मागत न्हाई. खाली पेव हाय. मला तवाच ठावं होतं. पाप माझं हाय."

लिंबाजीनं त्याला चारचौघांत पायताणानं मारलं. मसाजीनं मार खाल्ला आणि आठ दिवस मागितले. भिंतीला टेकू द्यायचे, खालचे दगड एकेक करून काढायचे, पेवातली माती उपसायची आणि मुरुमापासून नवा पाया वर आणायचा, असं काम होतं. त्याला बाभळीचे सात टेकू हवे होते. लिंबाजीनं रागाच्या भरात तीनच दिले. धुरपतानं सासऱ्यापुढे दोनदा पदर पसरला, तरी चौथा मिळाला नाही. मसाजी तसाच खाली उतरला.

पाचव्या दिवशी भर दुपारी एक टेकू सरकला. कोपरा वीतभर खाली बसला आणि मसाजी दगडांखाली सापडला. त्याला बाहेर काढून ओट्यावर निजवलं. पाणी पाजणाऱ्या धुरपताला तो एवढंच म्हणाला, "पोरी, मुरूम अजून हातभर खाली हाय." आणि गेला.

नदीकाठी त्याला अग्नी देऊन माणसं परत आली. देवऋषी म्हणाला, जागेनं आपलं घेतलं, आता भिंत हलायची नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लाज वाटते सांगायला, पण पडला. कुणीतरी फावडं घेऊन खड्ड्यात माती लोटायला लागलं. तेव्हा धुरपता पदर खोचून खड्ड्यात उतरली.

"जागेनं न्हाई घेतलं त्याला," ती खालून म्हणाली. "चार टेकू कमी पडले, म्हणून गेला त्यो. आज बळी म्हणून बुजवाल, अन् उद्या दुसऱ्या घराला भेग पडली की पुन्हा कुणाची तरी सून धराल. मुरूम लागल्याबिगर मी वर यायची न्हाई. टाका माती, टाकायची आसंल तर."

फावडं थांबलं. मान खाली घालून बसणारा तिचा नवरा उठला, कुऱ्हाड घेऊन बाभळीकडे गेला आणि चार टेकू तोडून घेऊन आला. ती खणत राहिली. सासू टोपली वर ओढू लागली. हातभर खाली धुरपताच्या बोटांना मुरूम लागला. मग तिथून दगड रचत पाया वर आणला. पण बाहेरची बाजू तिनं बुजवू दिली नाही. या पायात माणूस आहे असं पुढं कुणी म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तरी शेजारच्या गावांत अजून म्हणतात, मसाजी आत आहे म्हणून भिंत टिकली. तुम्ही खाली आलाच आहात, तर हात लावून बघा. दगड आहे, चुना आहे आणि खाली मुरूम आहे.

आजही बोरटाकळीत नवा पाया खणला, की घरातली सगळ्यात धाकटी सून आधी खाली उतरते आणि मुरुमाला हात लावते. ती "लागला" म्हणेपर्यंत गवंडी दगड ठेवत नाही. आणि ती वर येईपर्यंत काठावरच्या कुणीही फावड्याला हात लावायचा नसतो.