ओतशाळेच्या दारावरचे नियम

पूर्वी शिलावती नगरीत विजितसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या कुळात जन्मास आले होते. त्यांच्या ओतशाळेत दोनशे माणसे राबत. त्यांत चंपिका नावाची बाई मातीचे साचे घडवीत असे.

एकदा तिच्या धाकट्या भावाला एक साचा ओलसर दिसला. तो बोलू लागताच मुकादम कंडरकाने डोळे वटारले, आणि तो गप्प राहिला. वितळलेले कासे आत पडले, ओलीची वाफ होऊन साचा फुटला, आणि तो भाऊ जागीच होरपळून मेला.

बोधिसत्त्व चंपिकेच्या दारी गेले. "बाई, तुझ्यासाठी काय करू?"

"त्याला बोलायचं होतं, धनी," ती म्हणाली. "पण बोललं तर चालतं की काम जातं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नाही."

ते शब्द बोधिसत्त्वांच्या मनातून जाईनात. त्यांनी सर्वांना बोलावले, प्रत्येकाचे ऐकले आणि नियम दारावरच्या शिळेवर कोरविले. कोणी कोणावर हात उगारू नये. धोका दिसेल त्याने काम थांबवावे. थांबविणाऱ्याला कोणी धाक घालू नये. हे मालकालाही लागू. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांना ते दर पौर्णिमेला वाचून दाखवीत.

"धनी, अशानं तुमचेच हात बांधले जातील," कंडरक म्हणाला.

"बांधले जावेत म्हणूनच कोरले," बोधिसत्त्व म्हणाले.

पुढे राजाने मोठे बक्षीस कबूल करून महाघंटा ओतण्यास सांगितले. मुहूर्ताच्या दिवशी तो स्वतः साच्यापाशी येऊन उभा राहिला. कासे सूर्यासारखे तळपत होते. बोधिसत्त्वांनी खूण करण्यासाठी हात उचलला. तेवढ्यात साच्याला टेकलेल्या चंपिकेच्या तळव्याला गार ओल लागली. तिला भाऊ आठवला.

"थांबा," ती म्हणाली. "आत ओल आहे."

"या बाईला दूर करा," राजा गरजला. "मुहूर्त टळतो आहे."

बोधिसत्त्वांनी हात खाली घेतला आणि ते तिच्यापुढे उभे राहिले. "महाराज, मुहूर्त टळू द्या. माझे बक्षीसही जाऊ द्या. या दारात हा नियम माझ्याहून मोठा आहे."

कंडरकानेच पहार घेऊन साचा फोडला. आतून ओंजळभर पाणी राजाच्या पावलांपर्यंत वाहत आले.

राजाने त्या पाण्याकडे पाहिले, मग मातीने माखलेल्या त्या बाईकडे पाहिले, आणि हात जोडले. त्याच्या आज्ञेने राज्यातल्या प्रत्येक कर्मशाळेच्या दारी ते नियम कोरले गेले.

विहारात भिक्खूंना एवढी गोष्ट सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा कंडरक म्हणजे आज विहाराची भिंत बांधणारा हा भिक्खू. चंपिका म्हणजे भिंत कलली आहे असे सकाळी त्याला सांगणारी ही भिक्खुणी. आणि ओतशाळेचा धनी मीच होतो. स्वतः घातलेल्या मर्यादेत जो स्वतःही राहतो, त्याचे ते शील होय."