तापलेल्या पट्टीची साक्ष

यंत्रं आपसात बोलत त्या काळची गोष्ट. एका पिठाच्या गिरणीत, विजेच्या पेटीत तांब्याची एक पट्टी होती. विजेला थोडा विरोध करायचा, हेच तिचं काम. त्या विरोधावरून मीटरचा काटा ओळखे, मोटर किती वीज खाते.

वैशाखातल्या एका दुपारी काटा कडाडला, "मोटरबाई फार खातेय! मालकाला सांगून काढायलाच हवी हिला."

"अहो, रोजच्याइतकंच खाल्लं मी!" मोटर रडकुंडीला आली.

"काटेराव, थांबा!" पट्टी ओरडली. "चूक माझी आहे."

"डोकं फिरलंय हिचं," काटा फणकारला.

"फिरलं नाही, तापलंय! मी तापले की माझा विरोध वाढतो, आणि तुम्हाला वाटतं, वीजच वाढली."

"गप्प बस. मालकाला कळलं तर तुलाच उपटून टाकेल."

"खुशाल टाकू दे! पण तापल्या अंगानं मी कुणाविरुद्ध साक्ष देणार नाही. आधी मला निवू द्या, मग विचारा."

पेटीच्या दाराला ते पटलं. ते करकरत उघडलं, वारा आत शिरला आणि पट्टी निवत गेली. मोटर होती तशीच घरघरत होती.

"आता बोला, काटेराव," पट्टी म्हणाली.

काटा हळूहळू खाली सरकला होता. तो रोजच्याच आकड्यावर येऊन उभा होता.