सोळावा ठोका

“मागचं इंजिन तर बंद होतं, उस्ताद. मग घाटात गाडी ढकलली कोणी?”

विश्वंभर नगराळेनं विचारलं खरं, पण आवाजात ऐट होती. साहेब उत्तर खिशात घालूनच आले होते.

भर दुपार. डिझेल शेडच्या शेवटच्या रुळावर म्हातारी उभी होती. चाळीस वर्षं कोळशाच्या मालगाड्यांना मागून रेटून घाट चढवणारं इंजिन. सगळी शेड तिला म्हातारीच म्हणायची. तिला कापायला आलेला कटरवाला पलीकडे तंबाखू मळत बसला होता.

सकाळची फेरी ही तिची शेवटची परीक्षा. विश्वंभर इथलाच जुना शिकाऊ, आता इन्स्पेक्टर झालेला. तो पुढच्या नव्याकोऱ्या इंजिनात होता. अर्ध्या घाटात मागून निरोप आला, म्हातारी बंद पडली. अठ्ठावन्न डबे जागच्या जागी थांबायला हवे होते.

थांबले नाहीत. मागून रेटा येतच राहिला.

“तूच सांग, कोणी ढकलली?” शेडचे जुने मिस्त्री गनीउस्ताद म्हणाले.

“कोणी नाही! नव्या इंजिनानं एकट्यानं ओढली. तसंच लिहिलंय मी. म्हातारी निकामी, भंगारात काढावी. फक्त सही राहिलीय.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

तो रेटा विश्वंभरच्या पाठीला अजून जाणवत होता. हे कुणाला सांगायचं, आणि कसं?

उस्तादांनी कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. आत कुठला सिलिंडर कुरकुरतोय, ते इथं असंच ओळखायचे. शिकाऊ असताना विश्वंभरनं एकदा बंद इंजिनाला सळई लावली होती, तेव्हा उस्तादांनी चारचौघांत त्याची अक्कल काढली होती.

“लाव.” उस्तादांनी सळई त्याच्या हातात दिली.

“बंद इंजिनाला?” विश्वंभर हसला. “उस्ताद, म्हातारपणी तुमचंही आता...”

“लाव म्हटलं ना.”

त्यानं इंजिनाला हात लावून पाहिला. थंडगार. सळई टेकवली, कान लावला, आणि त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

धक्. धक्. धक्.

“मोज.”

“...तेरा, चौदा, पंधरा.” मग एक जागा रिकामी. पुन्हा पंधरा. पुन्हा एक रिकामी. “उस्ताद... सिलिंडर तर सोळा आहेत.”

उस्तादांनी सदऱ्याची बटणं काढली. सळईचं टोक इंजिनावरून उचललं आणि आपल्या उघड्या छातीवर टेकवलं.

“आता इथं ऐक.”

काहीच नाही. छातीत नुसती शांतता. विश्वंभरची पाचावर धारण बसली. न सांगताच तो मनात मोजू लागला.

...तेरा. चौदा. पंधरा.

धक्.

पुन्हा शांतता.

त्यानं हातातला कागद पाठीमागे नेला. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. याच माणसानं त्याला ऐकायला शिकवलं होतं.

उस्तादांनी सावकाश बटणं लावली. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“कर बाबा सही. कटरवाला कधीचा ताटकळलाय.”