हिरवं पडलेलं कडं

फार पूर्वी एका बेटावर एका आईने आपल्या मेलेल्या लेकीचं काशाचं कडं फडक्यात बांधून तिच्यापाशी पुरलं. कैक पिढ्यांनी ते उत्खननात सापडलं, तेव्हा फडकं कुजलं होतं आणि कडं हिरवं पडलं होतं.

खणणाऱ्या वेणूताईंनी घरच्या भांड्यांसाठी भिजवावी तशी चिंच भिजवली. कडं हरखलं. "आता मी लखलखणार!"

"अरे वेड्या," कुंचला कळवळून म्हणाला, "सकाळी तुझी माती मीच झाडली. त्या हिरव्या थरात फडक्याची वीण उमटलीय. आईने मारलेली गाठसुद्धा!"

कडं चरकलं. वेणूताईंनी एका हातात त्याला धरलं, दुसऱ्या हातात चिंच घेतली. कड्याने अंग चोरलं आणि ते बोटांतून निसटून वाळूत, उन्हात पडलं. उचलायला वाकलेल्या वेणूताईंना गाठ दिसली.

चिंचेचं पाणी त्यांनी लांब नेऊन ओतलं. कडं अजून हिरवंच आहे, आईची गाठ सांभाळत.