चार रानांचा एक गळा

नदी एकच होती आणि रानं चार. वरच्या रानात काही बिघडलं की ते वाहत खालच्या रानात यायचं: मेलेलं जनावर, कुजलेला पाला, कधी अख्खा लोंढा. प्रत्येक रानात हाक देणारी पाखरं होती, पण मध्ये डोंगर असल्यामुळे एकाची हाक दुसऱ्याला पोचत नसे, आणि दर वर्षी खालच्या काठावरचे काही जीव वाहून जात. वडीलधारे त्यावर हळहळत. हळहळणं त्यांना चांगलं जमायचं.

मग एके वर्षी चारही रानांचे वडीलधारे एकत्र बसले आणि हाक देणाऱ्यांची एकच शाळा काढायचं ठरलं. चार रानांतली तरणी पाखरं एका ठिकाणी शिकतील, एकच हाक शिकतील, आणि संकट आलं की ती चारही रानांत एकदम घुमेल. कल्पना चांगली होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

शाळेसाठी मधल्या रानातला उंच कडा निवडला. तिथून नदी वरपासून खालपर्यंत दिसायची. समुद्रापलीकडच्या एका राज्याने मोठाले शंख भेट दिले. एक कड्यावर बसवला, बाकीचे प्रत्येक रानात एकेक. कड्यावरच्या शंखात नुसतं पुटपुटलं तरी चारही रानांत गडगडून ऐकू येई. ते बसवले त्या दिवसापासून वडीलधाऱ्यांनी त्यातून भाषणं सुरू केली, आणि त्यांची हौस फिटेपर्यंत पाखरांना शंखाला चोच लावायला मिळाली नाही.

शाळेचा मुख्य माळढोक होता. त्याने उभ्या आयुष्यात कुणाला सावध केलं नव्हतं. पण मान फुगवली की त्याचा आवाज घुमायचा, आणि घुमणाऱ्या आवाजात काहीतरी अर्थ असणारच असं चारही रानांना वाटे.

खालच्या रानातून रेती नावाची टिटवी आली. तिचं घर नदीच्या वाळूत होतं. काठावर काही हललं की ओरडून रान उठवायचं, हे तिच्या घराण्याचं काम. ते कुणी तिला शिकवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी माळढोकाने तिला हाक द्यायला सांगितली. रेतीने दिली. दोन बगळे दचकून उडाले.

"हा काय आवाज झाला?" माळढोक म्हणाला. "हे ऐकून कुणाला झोप लागेल का?"

"झोप लागू नये म्हणूनच असतो तो," रेती म्हणाली.

"बाळ, असला फाटका आवाज शंखात गेला तर शंख तडकेल." असं कधी झालं नव्हतं. कुणी करूनही पाहिलं नव्हतं. पण वडीलधारा सांगतोय म्हटल्यावर वर्गाने माना हलवल्या.

त्या दिवसापासून रेतीच्या गळ्याला वेल बांधली. आवाज जरा चढला की वेल आवळायची. रोज सकाळी सगळ्या पाखरांकडून तीच वाक्यं घोटून घेतली जात: हवा प्रसन्न आहे. नदीचं पाणी समाधानकारक आहे. अमुक रानाच्या वडिलांनी तमुक रानाच्या वडिलांची भेट घेतली. त्याआधी चारही रानांना नमन. पहिलं नाव कुणाचं घ्यायचं यावरून वडीलधाऱ्यांत एवढी भांडणं झाली, की शेवटी नमन चार वेळा करायचं ठरलं, दर वेळी वेगळं रान पहिलं. ते संपेपर्यंत उन्हं सरकायची. मग बातमी.

वर्गात एक कोतवाल पक्षी होता. काळा, काडीसारखा, कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारा. एका दुपारी माळढोक पेंगत असताना त्याने त्याच्याच आवाजात शंखातून भाषण ठोकलं. त्यात एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. चारही रानांतून वाहवा आली. वरच्या रानाने तर ते पुन्हा ऐकवायची विनंती केली. माळढोकाला जाग आली तेव्हा तोही मान डोलावत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण बोलत नाही आहोत.

कोतवालाला काढून टाकलं. जाताना तो रेतीला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. इथे राहिलीस तर याच्यासारखी होशील."

"आणि शंख? तू झाडावरून ओरडलास तर किती जणांना ऐकू जाईल?"

"जितक्यांना जाईल तितक्यांना."

"मला सगळ्यांना जायला हवंय," रेती म्हणाली. "थोडं सहन करते. एकदा शंखाशी बसले की माझ्या आवाजात ओरडेन."

कोतवाल हसला. "तोवर राहिला तर ओरड," म्हणाला आणि गेला.

त्याच साली वरच्या रानातल्या गव्यांनी लोळायला डबकं केलं. पडलेले ओंडके ओढून नदी अडवली. डबकं वाढत वाढत तळं झालं, आणि ओंडक्यांमधून पाणी झिरपू लागलं. कड्यावरून सगळं दिसत होतं. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत एका पाखराने विचारलं, की याची हाक द्यायची का.

म्हातारा गवा सावकाश उठला. "हे आमचं घरचं पाणी आहे," तो म्हणाला. "शेजाऱ्याच्या घरात डोकावायला काढली का शाळा?"

माळढोकाने मान फुगवली आणि बैठकीने नियम केला: कुठल्याही रानाच्या पाण्याबद्दल, वणव्याबद्दल, रोगाबद्दल दुसऱ्या रानाला ऐकू जाईल असं काही बोलायचं नाही. खालच्या रानाच्या म्हाताऱ्या रानडुकरानेही होकार दिला. त्याला पुढच्या बैठकीचं अध्यक्षपद हवं होतं.

रेती सुटीत घरी गेली. आईपाशी चार नवी पिल्लं होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं, पण पळता यायचं; हाक मिळाली तर टेकाडापर्यंत पोचतील एवढी ताकद पायांत होती. आईने आजूबाजूचे ससे, तित्तिर, कासवं गोळा केली आणि म्हणाली, "बोलून दाखव गं." रेतीने नमन म्हटलं. सगळे गार झाले.

रात्र व्हायच्या आत रेतीने आईला बाजूला घेतलं. "आई, आत्ताच टेकाडावर जा. वर पाणी साचलंय."

"तुमच्या शाळेने सांगितलंय का?"

"शाळा नाही सांगणार."

"मग काही नसेल. चार रानांचे मोठे लोक बसलेत तिथे, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?" आईने तिच्या पंखावरून चोच फिरवली. "घाबरू नकोस. तसं काही असलं तर शंखातून तूच सांगशील की. तुझा आवाज आला की उठतो आम्ही."

रेती परत गेली आणि शाळेत पहिली आली. तिला कड्यावरच्या शंखाशी बसवलं. गळ्यातली वेल सोडली. तिची आता गरज नव्हती.

शाळेच्या वर्धापनदिनी सगळे वडीलधारे चौथ्या, पलीकडच्या रानात जेवायला गेले. कड्यावर रेती एकटी होती. दुपारी तिने पाहिलं, वरच्या बांधाचा मधला ओंडका हलला आणि निघाला. मागोमाग बाकीचे निघाले.

कोतवाल खालून धापा टाकत आला. त्यानेही पाहिलं होतं. "कुणी नाहीये ना? मग बघतेस काय? तू शंखात ओरड, मी काठाने जातो."

रेतीने शंखाला चोच लावली. अडवायला कुणी नव्हतं. तिने छातीत हवा भरली, आई शिकवत नाही आणि तरी येते ती हाक आठवली, आणि चोच उघडली.

"चारही रानांना सादर नमन," शंखातून आलं. मऊ, गोल, एकसारखं.

ती थांबली. मान झटकली. पुन्हा चोच उघडली, फक्त एक शब्द म्हणायचा म्हणून. पाणी.

"पाणी समाधानकारक आहे," तिचा गळा म्हणाला. "हवा प्रसन्न आहे."

ती शंखावर बाहेरून डोकं आपटू लागली. पण आपटण्याचा आवाज शंखात जात नव्हता, आणि चोच उघडली की वाक्य पुढचं येत होतं. चारही रानांत शाळेने तयार केलेली पाखरं शंखाशी बसलेली होती. शिकवल्याप्रमाणे त्यांनी नमन उचललं. मधल्या रानाने पलीकडच्याला दिलं, पलीकडच्याने खालच्याला. एवढी सुरेख साथ कधीच जमली नव्हती. पलीकडच्या रानात जेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी घास थांबवून एकमेकांकडे पाहिलं, आणि माळढोकाचे डोळे भरून आले.

खालच्या वाळूत कोतवाल पोचला तेव्हा सगळे शंखाभोवती जमले होते.

"पळा," तो ओरडला. "टेकाडावर पळा, बांध फुटलाय."

"हळू बोल रे," रेतीची आई म्हणाली. "पोरगी बोलतेय माझी."

"तिला तेच सांगायचंय."

"ती सांगतेय की. पाणी समाधानकारक आहे म्हणाली. ऐकलं नाहीस?"

"हाच ना तो, शाळेतून हाकललेला?" एक ससा तित्तिराला म्हणाला. "जळतोय."

कोतवालाने एका पिल्लाला मानेला धरून ओढायला सुरुवात केली. आई धावून आली आणि तिने त्याच्या डोळ्याजवळ चोच मारली. तो बाजूला पडला. सशांनी त्याला पायाने दूर ढकललं, म्हणजे ऐकताना मध्ये येणार नाही.

नदी गर्जत असेल, पण शंख तिच्याहून मोठा होता. वळणावर मातकट लाट दिसली तेव्हा सगळा काठ ओळीने बसलेला होता, माना शंखाकडे. आईने धाकट्या पिल्लाची हनुवटी चोचीने जरा वर केली, त्याला नीट ऐकू यावं म्हणून.